गिरणीसमोरचा मंगळ

बिबवेवाडीतल्या वरद कानडेने आयुष्यात एकच गोष्ट जीव ओतून लिहिली आणि ती सरकारला आवडली. त्याचा इतका अपमान आधी कधी झाला नव्हता.

तसा तो लिहिण्याचाच पगार घ्यायचा. हडपसरच्या एका कंपनीत बसून तो मोबाइलच्या ॲपमध्ये दिसणारी वाक्यं लिहायचा. 'काहीतरी चुकलं आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' हे त्याचं आजवर सर्वाधिक वाचलं गेलेलं साहित्य. लोक ते वाचून त्याला मनापासून शिव्याही द्यायचे, म्हणजे वाचकाशी नातं होतं.

पण जीव ओतला तो गणपतीच्या देखाव्यात. त्यांच्या गल्लीतलं मंडळ दरवर्षी जिवंत देखावा करायचं. म्हणजे गल्लीतलीच पोरं वेष चढवून मांडवात उभी राहायची. संवाद आधी ध्वनिमुद्रित करून स्पीकरवर लावलेले असायचे, आणि पोरांनी नुसते हात हलवायचे. ओठ मिळाले तर मिळाले. एकच नियम कडक होता: काही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. व्यसनमुक्तीच्या वर्षी दारुड्या झालेल्या सूरजला मांडवातच मुंगळा चावला होता, पण तो हूं की चूं न करता तळमळला आणि पाहणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

यंदा वरद म्हणाला, मंगळ करू.

त्याला कारण होतं. सरकारने नुकतंच एक 'अंतराळ वसाहत प्रोत्साहन मंडळ' काढलं होतं. मंगळावर माणसं राहायला पाठवायची आणि त्याचा खर्च करातून भागवायचा, असा बेत होता. प्रत्येक करदात्याचा यात खारीचा वाटा असेल, असं मंडळाचे संचालक टीव्हीवर सांगत होते. वरद तेव्हा गल्लीतल्या उघड्या गटारावर टाकलेल्या फरशीवरून तोल सांभाळत घरी आला होता. खारीला निदान नंतर त्या पुलावरून जाता तरी आलं, असं तो टीव्हीला म्हणाला आणि त्याच झपाट्यात त्याने देखावा लिहून काढला.

देखाव्याचं नाव 'मंगळ सहकारी गृहरचना संस्था (नियोजित)'. गल्लीतला फैज आणि सूरज ही मंगळावरची पहिली दोन माणसं. तिथे उतरल्या उतरल्या ते वार्षिक सभा घेतात. दोघंच असल्यामुळे गणसंख्या भरत नाही. सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच दोघांची पुन्हा भरते. त्यात पार्किंगवरून भांडण होतं. गाडी एकाकडेही नसते. शेवटी वरदचाच खर्जातला आवाज घुमतो: "इथे हवा नाही. पाणी नाही. दवाखाना नाही, शाळा नाही, भाजी नाही. पण करदात्यांनो, पार्किंग बघा."

लोक पोट धरून हसले. लेखकाला आणखी काय पाहिजे?

मंगळाचा घुमट लोखंडी अँगल, ताडपत्री आणि फायबरचा केला होता. तो उभा राहिला बरोब्बर वरदच्या आईच्या, वासंतीबाईंच्या पिठाच्या गिरणीसमोर, कारण गल्ली तिथेच काय ती रुंद होती. मंगळावरची लाल मातीसुद्धा गिरणीचीच. गिरणीत झाडून काढलेलं पीठ गेरूत कालवून पोरांनी ते जमिनीवर पसरलं होतं. वासंतीबाईंनी हे सगळं चालवून घेतलं. मोदकाची पिठी दळून झाली की गणपतीचे दिवस गिरणीला तशी उसंतच. मात्र त्यांनी गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष सोनबाअण्णा यांना बजावलं होतं, की विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझं दार मोकळं पाहिजे. पुढे दिवाळीची भाजणी होती. शेतकऱ्याला सुगी तशी गिरणीला भाजणी. तेवढ्या दिवसांत गिरणीने कमवायचं आणि उरलेलं वर्षभर त्यावर घरघरायचं.

अण्णा म्हणाले, मंगळ काय, एका तासात उतरवू.

अंतराळ मंडळाचे संचालकसाहेब आले ते अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी. त्यांचं नाव गोपाळकृष्ण देवस्थळी. बिबवेवाडीत मेहुण्याकडे आरतीला आले होते, आणि जाताना गाडी गर्दीत अडकली म्हणून खाली उतरले. समोर बघतात तर मंगळ. हात मागे बांधून ते घुमटाच्या अगदी जवळ गेले आणि आत उभ्या असलेल्या फैजला त्यांनी विचारलं, की इथे राहताना मुख्य अडचण कोणती येते.

फैज नियमाचा पक्का. तो बोलला नाही. स्पीकर बोलला, "गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे."

"वा," साहेब म्हणाले. "आणि त्यावर उपाय?"

फैजने हात हलवले. स्पीकर म्हणाला, "सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल."

साहेबांनी सोबतच्या माणसाकडे असं पाहिलं, जसं काही आयुष्यभराच्या नोकरीत पहिल्यांदाच कुणी त्यांच्या भाषेत बोललं होतं. मग शेवटचं ते पार्किंगचं वाक्य आलं. गर्दी हसली. साहेब हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "पार्किंगचा विचार आपल्या एकाही आराखड्यात नाही, बरं का." गर्दीत मागे उभा असलेला वरद हे ऐकत होता. त्याला वाटलं, काय माणूस आहे, किती गंभीर चेहऱ्याने विनोद करतो. आपल्यातलाच दिसतोय.

तो विनोद नव्हता हे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कळलं. मांडववाला अँगल सोडायला यायच्या आत अंतराळ मंडळाची गाडी आली. गाडीतून फलक उतरला: 'भूस्थित मंगळ वसाहत, टप्पा एक.' देशभर अशा वसाहतीसाठी जागा शोधत होते, सांगितलं गेलं, आणि इथे तर वसाहत चालू स्थितीत आढळली. घुमट होता तिथेच राहील. फैज आणि सूरज यांना मानधन, गणपती मंडळाला निधी, आणि गल्लीला अभिमान. गटार या यादीत नव्हतं.

निधी म्हटल्यावर सोनबाअण्णांना मंगळ एकदम आपल्या भावकीतला वाटायला लागला. पहिल्या दिवसापासून हेच माझ्या डोक्यात होतं, असं ते येईल त्याला सांगू लागले. एका तासात उतरवण्याची आठवण कुणी दिली, तर आकाशाकडे बघायचे.

घुमट आणि गिरणीचं दार यांच्यामध्ये जो बोळ उरला होता, त्यातून माणूस आडवा होऊन जेमतेम जायचा. डबा घेतलेली बाई मुळीच जायची नाही. गिरणीत एक आजोबा तेवढे येत राहिले, त्यांना आणायचंच पायलीऐवजी ओंजळभर असायचं.

रात्रीच्या जेवणाला वासंतीबाईंनी भाकरी वाढली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरात हे वादळाचं लक्षण मानलं जायचं.

"वरद, टोमणा कुणाला मारावा माहितेय का?"

"कुणाला?"

"ज्याला लागतो त्याला. भिंतीला मारला की परत येतो, आणि भिंत आपल्याच दुकानासमोर बांधली जाते."

 'काहीतरी चुकलं आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' एवढंच वरदला सुचलं, ते त्याने गिळलं.

दुसऱ्या दिवशी वासंतीबाई अतिक्रमणाची तक्रार घेऊन महापालिकेत गेल्या. तिथल्या माणसाने नकाशा काढला, चष्मा काढला, पुसला, घातला. मग सांगितलं, की गिरणी आमच्या हद्दीत आहे, रस्ताही आमच्या हद्दीत आहे, पण त्यावरचं बांधकाम मंगळावर आहे. तिथे आम्हाला कारवाई करता येत नाही. तिथलं अतिक्रमण खातं अजून स्थापन व्हायचंय. स्थापन झालं की अर्ज जरूर करा.

फैजला या सगळ्याची लाज वाटत होती, पण पुरेशी नाही. कारण या गोंधळात मंगळावर खरी श्रद्धा असलेला माणूस तो एकटाच होता. लहानपणापासून त्याला ग्रहताऱ्यांचं वेड. बोळातून आडवा होत तो गिरणीत वासंतीबाईंना समजवायला आला. माणूस कधी ना कधी या पृथ्वीच्या बाहेर पडणारच, तो म्हणाला. सुरुवातीला त्यात कुणी व्यापारी पैसे घालणार नाही, ते लोकांनी मिळूनच घालायला लागतात. "काकू, रेल्वे पण अशीच आली. तेव्हाही लोक म्हणत होते, कशाला पाहिजे?"

"रेल्वे आली तेव्हा पलीकडच्या टोकाला गाव होतं, फैज. तिथे माणसं वाट बघत होती."

 फैज म्हणाला की पहिल्या गावाची कुणीतरी सुरुवात करायलाच लागते. वासंतीबाईंना हे पटलं नाही, पण पोरगं मनापासून बोलतंय हे त्यांना कळलं. त्यांनी त्याला गूळ-शेंगदाणे दिले. पटलेलं नसताना त्या एवढंच द्यायच्या.

आता तरी घटस्थापनेपर्यंत हे उरकेल, अशी वरदला आशा होती. पण नेमक्या त्याच दिवसांत मंगळावर जीवसृष्टी सापडली.

म्हणजे झालं असं, की गेरूत कालवलेल्या त्या पिठात पोरकिडे पडले. पडणारच. पुण्यात सप्टेंबरात उघडं ठेवलेलं पीठ आणखी काय करणार? पंधरवड्याच्या पाहणीला आलेल्या साहेबांच्या माणसाने लाल मातीत बोट घातलं, आणि बोटावरून काहीतरी चालत गेलं. त्याने ते बोट खाली घेतलंच नाही. तसंच वर धरून तो गाडीत बसला. दोन दिवसांत हुकूम आला, की जिथे जीव आढळला तिथली माती हलवता येणार नाही. घुमट आता बेमुदत राहील. पोरकिड्यांना संरक्षण मिळालं. मिळालं नाही ते फक्त वासंतीबाईंना.

दसरा गेला. समोरच्या इमारतीतल्या बायका तांदूळ धुऊन वाळवायला लागल्या. भाजण्याचा खमंग वास गल्लीभर फिरायला लागला आणि गिरणीच्या दारापर्यंत येऊन, बोळात न मावून, परत जायला लागला. डबे दुसऱ्या गल्लीतल्या गिरणीत निघाले होते. तो गिरणीवाला ज्वारीवर भाजणी दळतो, हे वासंतीबाईंना माहीत होतं. त्यांच्या गिरणीत गव्हावर गहू आणि भाजणीवर भाजणी, यात कधी बदल झाला नव्हता. शटर अर्धं उघडून त्या स्टुलावर बसायच्या आणि समोरच्या ताडपत्रीकडे बघायच्या. ही दिवाळी गेली तर गिरणी विकायची, असं त्या वरदला म्हणाल्या नाहीत. पण मोटर किती जुनी झाली म्हणून त्या दोनदा बोलल्या, आणि वरदला ते बरोबर ऐकू आलं.

त्या आठवड्यात देवस्थळी साहेब स्वतः आले. वासंतीबाई स्टुलावरून उठल्या आणि बोळातून आडव्या होत बाहेर आल्या. अंगभर पीठ लागण्याऐवजी त्या दिवशी त्यांच्या पदराला मंगळाचा गेरू लागला होता. त्यांनी विचारलं, की हे जे काय आहे, ते माझ्या करातून चाललंय ना?

साहेबांना हा प्रश्न फार आवडला. असे जागरूक नागरिक हवेत, असं म्हणून त्यांनी मोठं उत्तर दिलं. पृथ्वी काही कायमची नाही. एक दिवस कुठलातरी धूमकेतू येऊन आदळणार, नाहीतर सूर्यच फुगणार. त्या दिवशी मानवजातीला दुसरं घर लागेल. त्या घराचा पहिला दगड आज, आपल्या दारात बसतोय.

"हे कधी होणार?" वासंतीबाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले, शास्त्रज्ञांच्या मते काही कोटी वर्षांनी.

"मग दिवाळी झाल्यावर बघू."

साहेबांनी मान डोलावली, आणि सोबतच्या माणसाने ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात मंत्रिमहोदय वसाहत बघायला येणार होते. त्यांच्यासमोर टप्पा दोन सादर व्हायचा होता, पण टप्पा दोन म्हणजे काय हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. टप्पा एक आपणच लिहिला होता ना, असं साहेबांनी सोनबाअण्णांनी पुढे केलेल्या वरदला विचारलं. आपल्याला दृष्टी आहे, दोनही आपणच लिहा.

वरदच्या अंगात पुन्हा लेखक शिरला. त्याने ठरवलं, या वेळी असं जहरी लिहायचं की भिंतीलासुद्धा लागलं पाहिजे. रात्री जागून त्याने लिहिलं, की मंगळावरची ती दोन माणसं पोरकिड्यांवर कर बसवतात आणि त्या पैशातून शनीवर वसाहत काढायला निघतात. पोरकिडे विचारतात, आम्हाला यातून काय मिळणार? त्यांना सांगण्यात येतं, खारीचा वाटा.

साहेबांना त्याने ते फोनवर वाचून दाखवलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "शनीचं आपण पुढच्या आर्थिक वर्षात घेऊ. पोरकिड्यांचा सहभाग मात्र छान आहे."

फोन ठेवून वरद गिरणीत जाऊन बसला. मोटर बंद होती. गिरणी अशी गप्प असली की घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटायचं. त्याने आईला सगळं सांगितलं. आता तो रडायच्या बेतात होता, पण पुण्यातला असल्यामुळे त्याने तेही उपरोधाने केलं.

वासंतीबाईंनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तू म्हणालास दोघं मंगळावर जाऊन राहिले, तर त्यांनी खरं धरलं. तू म्हणालास पार्किंग, तर त्यांनी तेही खरं धरलं. हो ना?"

"हो."

"म्हणजे ऐकतात रे. नीट ऐकतात. तूच भलतं बोलतोयस." त्या उठल्या, पदर खोचला. "तुमचा तो माईक कुठाय?"

मंडळाचं ध्वनिमुद्रण सोनबाअण्णांच्या आतल्या खोलीत व्हायचं. खिडकीला गोधड्या लावायच्या, पंखा बंद करायचा आणि अण्णांच्या सुनेने तेवढा वेळ कुकर लावायचा नाही, अशी पद्धत होती. वासंतीबाई माईकसमोर उभ्या राहिल्या. आयुष्यभर गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय. त्यांनी पहिला शब्द उच्चारला तशी अण्णांची कपाटाची काच वाजली. वरदने माईक पार दाराशी नेऊन ठेवला. काय बोलायचं हे लिहून देऊ का, असं त्याने विचारलं. नको, त्या म्हणाल्या, तू लिहिलंस की त्यात विनोद होतो.

मंत्रिमहोदय आले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पुढच्या रांगेत खुर्च्या, मागे गल्ली. घुमटात फैज आणि सूरज चंदेरी कपड्यांत उभे. स्पीकर खरखरला.

"मी पृथ्वी बोलतेय," वासंतीबाईंचा आवाज आला. पुढची रांग नीट सावरून बसली. "पुष्कळ राहिलात. आता घरी या. दोघंही. उतरायला जागा लागेल, ती बिबवेवाडीत गिरणीसमोर करा. तिथे काहीही उभं नको. घुमट काढा, खड्डे बुजवा, डांबर घाला. गटारावर नीट झाकण बसवा, नाहीतर उतरताना पाय जाईल. माती पाहिजे तर डब्यात भरून न्या, किड्यांसकट. आणि हे सगळं दोन दिवसांत. मग वसुबारसेपर्यंत माझ्याकडे गर्दी असते."

फैज आणि सूरज यांनी हात हलवले. सूरजने मुंगळ्याच्या वेळचा चेहराही करून पाहिला.

कुणीच हसलं नाही.  मागच्या बाजूला एका बाईला हसू आलं, तेही तिने पदरात दाबलं. देवस्थळी साहेब मंत्र्यांकडे वाकून काहीतरी कुजबुजले. मंत्री उठून उभे राहिले. माणूस पाठवणं सगळ्यांनाच जमतं, ते म्हणाले, पण माणूस सुखरूप परत आणणं हीच खरी कसोटी असते, आणि तो मान या मातीला मिळतोय. पृथ्वीकडून आलेल्या सूचनांची तातडीने अंमलबजावणी व्हावी.

ज्या गटारासाठी गल्लीने वर्षानुवर्षं चपला झिजवल्या, त्यावर दोन दिवसांत झाकण बसलं. घुमट उतरला, अण्णा म्हणाले होते तसा, एका तासात. पोरकिडे काचेच्या बरणीत बसून, पुढे पोलिसांची गाडी लावून निघून गेले. डांबर इतकं गुळगुळीत पडलं, की पहिल्या दिवशी लोक त्यावरून चपला हातात घेऊन चालले. मग फैज आणि सूरज एका शिडीवरून त्या डांबरावर उतरले, आणि मंत्र्यांनी हार घालून त्यांचं पृथ्वीवर स्वागत केलं. ते दोघंही मूळचे इथलेच आहेत, हे कुणी काढलं नाही.

हार गळ्यात घालून फैज गिरणीच्या पायरीवर येऊन बसला. डोळे जरा ओलसर होते. वरद त्याच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, काय रे, मंगळाची आठवण येतेय का?

"तुला चेष्टा वाटते," फैज म्हणाला. "पण कुणीतरी खरंच जाईल रे एक दिवस. आणि तेव्हा सगळ्यांना हेच आठवेल. आपला घुमट."

यावर वरदकडे तीन टोमणे तयार होते. त्याने एकही मारला नाही. हा त्याच्या लेखनप्रवासातला महत्त्वाचा टप्पा होता, पण त्याची कुणी दखल घेतली नाही, कारण तेवढ्यात आत मोटर सुरू झाली.

दुपारपर्यंत डब्यांची रांग पार नव्या डांबराच्या टोकापर्यंत गेली. भाजणीवर भाजणी पडत होती. वासंतीबाईंच्या भुवया, केस, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं झालं होतं आणि त्या कुणाशी एक शब्द धड बोलत नव्हत्या, म्हणजे त्या खुशीत होत्या. दुसऱ्या गल्लीत जाऊन आलेल्या बायकांचे डबे त्या मुद्दाम जरा उशिरा घेत होत्या.

संध्याकाळी सोनबाअण्णा आले. साहेबांचा फोन होता, ते म्हणाले. पुढच्या वर्षीचा देखावा कोणता ते आत्ताच विचारतायत, म्हणजे तरतूद करून ठेवता येईल. मी म्हटलं, सूर्य करू. सूर्य कुणीच केलेला नाही.

वासंतीबाईंनी चक्कीच्या तोंडावरचा डबा काढला, दुसरा लावला, आणि वरदकडे न बघताच म्हणाल्या, "नळ करा."

"नळ?" अण्णांना कळेना.

"हो, नळ. सकाळी त्याला पाणी येतं, असा. जिवंत." मग मोटरच्या आवाजावरून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी मुलाला सांगितलं, "आणि त्यात विनोद घालू नकोस."